फेब्रुवारीतच तळं ३० अंशांवर: सायप्रिनसची (कॉमन कार्पची) अंडी पांढरी, रोहूच्या माद्या मार्चमध्येच भरल्या. आता काय?

बारवीकाठ (बदलापूर)

नमस्कार मंडळी. आधी मोजमापं देतो, नाहीतर पहिला प्रश्न तोच येईल.

दोन तळी, प्रत्येकी १० गुंठे, पाणी सध्या जेमतेम १.१ मीटर. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून पहाटे सहाला २५ ते २५.५ अंश आणि दुपारी तीनला पृष्ठभागाखाली वीतभर ३० ते ३०.५. सायप्रिनसच्या माद्या दीड-दोन किलोच्या. हापा (तळ्यात बांधलेली कापडी पेटी) तीन बाय दीड मीटरचा, मादीमागे दोन नर, आत हायड्रिला ही पाणवनस्पती. माद्या पहाटे व्यवस्थित अंडी देतात, तिथे अडचण नाही. पण दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त अंडी पांढरी असतात आणि फुटलेल्यांत शेपटीत वाकडं जिरं (अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू) बरंच निघतं.

दुसरी भानगड रोहू-कटल्याची. माद्यांची पोटं मार्चच्या मध्यालाच मऊ लागतायत, आणि पाऊस जूनशिवाय येत नाही. तोवर अंडी आतल्या आत जिरून जातील का? की एप्रिलमध्येच इंजेक्शन देऊन मोकळं व्हावं? तळ्यात बोअरचं पाणी सोडून गारवा आणता येईल का, हेही सांगा. बोअर तासाला पाच हजार लिटर देते.

जिरे_ते_बोटुकली (मुरबाड)

सायप्रिनसचं आधी बोलू. तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे.

पांढरं अंडं दोन कारणांनी होतं आणि दोन्हींवरचा इलाज वेगळा. अंडी दिल्यापासून सहा-आठ तासांनी हायड्रिलाची एक काडी काचेच्या वाटीत घ्या, भिंगाखाली शंभर अंडी मोजा. फळलेलं अंडं काचेसारखं, किंचित पिवळसर आणि आरपार दिसतं. न फळलेलं तोवर दुधी झालेलं असतं. तेव्हाच निम्मी दुधी असतील तर दोष नरांचा, जुन्या झालेल्या अंड्यांचा किंवा चिखल बसलेल्या वनस्पतीचा. पण तेव्हा ८०-८५ पारदर्शक आहेत आणि दुसऱ्या सकाळी निम्मी गेली, तर दोष पाण्याचा. तुम्ही एकदाच, दुसऱ्या दिवशी बघता म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र झाल्यात. वाकडं जिरं निघतंय म्हणजे माझा कौल उष्णतेकडे, तरी आधी मोजा.

आता उष्णता नेमकी कुठे मारते ते बघा. सायप्रिनस अंडी देते पहाटे, पाणी २५ असताना. अंड्यातल्या पेशींची पहिली विभागणी तासाभरात सुरू होते आणि पुढचे दहा-बारा तास सगळ्यात नाजूक. शरीराचा आराखडा तेव्हा ठरतो. पहाटे पाचला दिलेल्या अंड्यांचे हे नाजूक तास नेमके दुपारी तीनवर येतात, आणि हापा तळ्याच्या वरच्या थरात असल्यामुळे त्यांना थेट ३० मिळतात. म्हणजे सरासरी २७-२८ दिसली तरी अंड्याच्या वाट्याला त्याच्या सर्वांत वाईट वेळी सर्वांत वाईट पाणी येतं. शिवाय पाच-सहा तासांत पाच अंशांचा चढ. सायप्रिनसच्या अंड्यांना २० ते २४ मानवतं. २६ नंतर नुकसान वाढत जातं आणि ३० च्या आसपास वाकडेपणा भरपूर दिसतो.

उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र केलेत तर उत्तम.

पहिला, वेळ फिरवा. पहाटेची वाट न बघता सकाळी नऊला मादीला संप्रेरकाचं इंजेक्शन द्या. जीएनआरएच आणि डोम्पेरिडोन असलेलं तयार औषध, मादीला किलोला ०.३ ते ०.५ मिली, नराला ०.१ ते ०.२. पाणी २५-२६ असेल तर दहा ते चौदा तासांत अंडी सुटतात, म्हणजे संध्याकाळी सात ते रात्री अकराच्या दरम्यान. नाजूक तास रात्रीच्या गार पाण्यात निघून जातात आणि दुसऱ्या दुपारी गर्भ बराच पुढे गेलेला असतो. त्याला ऊन लागत नाही असं नाही, पण आधीइतकं भोवत नाही. इंजेक्शन दिलेले मासे मात्र दिवसभर तळ्यातल्या हाप्यात ठेवू नका, सावलीतल्या टाकीत ठेवा. दुपारी पाणी ३० ला गेलं की अंडी दोन-तीन तास अलीकडे सुटतात आणि आपण जेवायला गेलेले असतो.

दुसरा, अंडी तळ्यातून काढा. हायड्रिलासकट उचलून सावलीतल्या सिमेंटच्या टाकीत किंवा हजार लिटरच्या सिंटेक्समध्ये, खाली एअर स्टोन. हजार लिटर पाणी चार अंशांनी उतरवायला साधारण ४० किलो बर्फ लागतो, हिशोब करून बघा. बर्फ थेट पाण्यात टाकू नका, जाड पिशवीत किंवा बंद डब्यात घालून सोडा आणि तासाला एका अंशापेक्षा जास्त उतार नको. एकदा उतरवलं की टाकीभोवती ओलं गोणपाट आणि वर शेडनेट एवढ्यावर रात्र निघते. दुपारसाठी आणखी १०-१५ किलो बर्फ जवळ ठेवा.

हायड्रिला किती? मादीच्या वजनाच्या दुप्पट. दोन किलोची मादी, चार किलो वनस्पती. कमी टाकली तर अंडी एकावर एक थरांनी चिकटतात, आतल्या थराला प्राणवायू मिळत नाही, आणि गरम पाण्यात हेच सगळ्यात आधी दिसतं. "भरपूर" म्हणजे किती ते वजन करूनच ठरवा.

२१-२२ अंशांत सायप्रिनसची अंडी तीन दिवसांनी फुटतात, २७-२८ ला दोन दिवसांत. लवकर फुटली म्हणून खूश होऊ नका. गरम पाण्यात बलक भराभर जळतो, जिरं आखूड निघतं आणि तोंड उघडायच्या वेळी त्याच्या पोटात शिल्लक काही नसतं.

खरं सांगायचं तर आपल्या जिल्ह्यात सायप्रिनसचा मोसम आता पुढे सरकवायला हवा. पुस्तकात जानेवारी ते मार्च लिहिलंय. पण २०२३ च्या फेब्रुवारीने कमाल तापमानाचा देशपातळीवरचा विक्रम केला, २०२५ च्या फेब्रुवारीने सरासरीचा, दोन्ही १९०१ पासूनच्या नोंदींत. फेब्रुवारी अखेर ही आता सुरक्षित वेळ उरलेली नाही. नर-माद्या डिसेंबरच्या सुरुवातीला वेगळ्या करा आणि मकरसंक्रांतीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काम उरका. एकत्र ठेवल्या तर ताजं पाणी सोडलं की त्या कुठेतरी काठच्या गवतात अंडी देऊन मोकळ्या होतात आणि हाप्यात रिकाम्या येतात.

पाण्याचा_हिशोब (ठाणे)

बोअरबद्दल. इथल्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी वर्षभर साधारण २७-२८ अंश असतं, कारण ते वर्षाच्या सरासरी हवेच्या तापमानाजवळ राहतं. रोहूसाठी हे चांगलं. सायप्रिनसच्या अंड्यांसाठी याला गार पाणी म्हणता येत नाही. डिसेंबरात हेच पाणी तळ्यापेक्षा उबदार असतं आणि मार्चच्या दुपारी गार लागतं, हाताला फसवतं. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या पट्ट्यात तर आधी थर्मामीटर लावूनच बघावं, तिकडे जमिनीखालून गरम झरे वाहतायत.

बोअरचं पाणी नळीने थेट तळ्यात सोडलं तर आणखी दोन घोटाळे. त्यात विरघळलेला प्राणवायू जवळपास नसतो आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. काही ठिकाणी लोह असतं, ते हवेत आलं की तांबूस साका होऊन अंड्यांवर बसतं. म्हणून पाणी उंचावरून, भोकं पाडलेल्या पाइपातून किंवा तीन-चार ट्रेच्या उतरंडीवरून पाडा आणि शक्यतो एक रात्र साठवून मग वापरा.

या उतरंडीचा एक फायदा लोक वापरत नाहीत. बदलापूर-मुरबाडकडे मार्चच्या रात्री हवा ठाण्यापेक्षा कोरडी असते. रात्री अकरा ते पहाटे सहा हे पाणी फवाऱ्याने फिरवत ठेवलं तर बाष्पीभवनाने ते दोन-चार अंश खाली येतं, बर्फाशिवाय. खाडीकाठच्या ऐरोली-वाशीत हे फारसं जमत नाही, हवाच दमट. मे महिन्यात तर तुमच्याकडेही नाही.

तळं भरण्याचा हिशोब: १० गुंठे म्हणजे हजार चौरस मीटर. पाणी ४० सेंटिमीटर वाढवायला चार लाख लिटर. तुमची बोअर सलग ८० तास चालली तर तेवढं होईल, त्यात रोज पाच ते सात मिलिमीटर उडून जातं, म्हणजे दिवसाला पाच-सात हजार लिटर. बोअर रोज तासभर चालवली तर फक्त उडालेलं भरून निघतं, वाढत काही नाही. म्हणून दोन्ही तळी अर्धवट ठेवण्यापेक्षा एकच तळं दीड-पावणेदोन मीटरपर्यंत भरा आणि सगळे प्रजनक (अंड्यांसाठी राखलेले नर-माद्या) तिथे हलवा.

प्राणवायूचे आकडे डोक्यात ठेवा. २५ अंशांना पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम प्रतिलिटर मावतो, ३० ला ७.६. फरक छोटा वाटतो. पण त्याच पाच अंशांत मासा आणि गाळातले जिवाणू दोघांचंही खाणं वाढतं, ढोबळमानाने दहा अंशांना दुप्पट या चालीने. शिल्लक राहतो तो पहाटे चारला मोजा. अंड्यांना पाचच्या खाली नको. अमोनियाचंही तसंच: पीएच ८ असताना एकूण अमोनियापैकी विषारी भाग २५ अंशांना ५.४ टक्के, ३० ला ७.५. पीएच ९ ला तो ३० अंशांवर ४५ टक्क्यांपर्यंत जातो. गरम पाणी, हिरवंगार तळं आणि दुपारचा पीएच ९ एकत्र आले की प्रजनकांची भूक मरते आणि दोष खाद्यावर जातो.

हॅचरी_शहापूर

रोहू-कटल्याबद्दल माझं मत जरा वेगळं पडेल. मादी तयार असेल तर जूनपर्यंत थांबायचं कारण नाही. मऊ पोट म्हणजे तयार मादी नाही, एवढं मात्र खरं. पोटात चरबी असली तरी ते मऊ लागतं.

तपासायची रीत: मेडिकलमध्ये बाळाला दूध पाजायची प्लास्टिकची नळी मिळते, आठ नंबरची घ्या. मादी उताणी, डोळ्यांवर ओला फडका. नळी जननछिद्रातून तिरकी, चार-पाच सेंटिमीटर आत, दुसऱ्या टोकाने हलकेच ओढा. तीस-चाळीस अंडी पुरतात. ती सहा भाग स्पिरिट, तीन भाग फॉर्मेलिन, एक भाग ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड या मिश्रणात टाका. तीन ते पाच मिनिटांत अंडं आरपार होतं आणि आतलं केंद्रक ठिपक्यासारखं दिसतं. मिश्रण उघड्यावर हाताळा, फॉर्मेलिन डोळ्यांना झोंबतं.

केंद्रक मधोमध असेल तर मादी कच्ची. इंजेक्शन वाया जाईल, वर मादीला धक्का. ६०-७० टक्के अंड्यांत ते कडेला सरकलेलं असेल तर त्याच दिवशी द्या. केंद्रक कुठेच दिसत नाही, अंडी एकसारखी गोल नाहीत, काही पांढुरकी, काही चेपलेली, नळीत पातळ पिवळट पाणी आलं, तर ती अंडी जिरायला लागली आहेत. त्या मादीला यंदा हात लावू नका.

त्याच संप्रेरकाच्या औषधाची मात्रा: कटला मादी किलोला ०.४ ते ०.५ मिली, रोहू ०.३ ते ०.४, मृगल ०.२५ ते ०.३. नरांना ०.१ ते ०.२. पाणी २८-२९ असेल तर आठ-दहा तासांत अंडी. ३१ च्या वर देऊ नका, अंडी सुटतात पण सुटल्यावर तासाभरातच त्यांची फळायची ताकद उतरते आणि नराचं वीर्य पातळ आलेलं असतं. एप्रिलमध्ये इंजेक्शन संध्याकाळी सहाला द्या, पहाटे अंडी येतील. रात्रभर वरून फवारा चालू ठेवा. गार पाणी आणि थेंबांचा मारा, पावसाची आठवण करून देणारं काहीतरी हवंच.

भुवनेश्वरच्या सिफाने (गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची केंद्रीय संशोधन संस्था) खास प्रजनकांचं खाद्य काढलंय, सिफाब्रूड. ते वापरून कार्प मासे मोसमाआधी तयार होतात. म्हणजे लवकर प्रजनन ही कल्पना नवी नाही.

जिरे_ते_बोटुकली (मुरबाड)

शहापूरकर साहेब, तपासणीबद्दल शंभर टक्के सहमत, एप्रिलबद्दल नाही. अंडी काढणं हा अर्धा भाग झाला. रोहूची अंडी २८ अंशांना १४ ते १८ तासांत फुटतात, तिसऱ्या दिवशी जिरं संगोपन तळ्यात सोडायला तयार. सोडणार कुठे? एप्रिलच्या मध्यावर बदलापुरात मीटरभर खोल संगोपन तळं दुपारी ३३-३४ ला जातं. शेण-चुना टाकून तयार केलेले बारीक प्राणीप्लवंग (जिरं खातं ते पाण्यातले सूक्ष्म जीव) तीन दिवसांत बहरतात आणि तितक्याच झटक्यात बसतात, मागे निळं-हिरवं शेवाळ उरतं. जिऱ्याला पहिल्या दोन दिवसांत तोंडात मावेल असं खाद्य नसेल तर पुढचं बोलायलाच नको. त्यातून बारवीकाठ यांची बोअर पाच हजार लिटरची. प्रजनक सांभाळायलाच ती पुरत नाही.

पाण्याचा पक्का स्रोत आहे, सावलीच्या सिमेंटच्या टाक्या आहेत आणि एप्रिलच्या बोटुकलीला (बोटाएवढ्या पिल्लांना) गिऱ्हाईक बांधलेलं आहे, अशा हॅचरीने जरूर करावं. बाकीच्यांनी माद्या राखाव्यात.

बारवीकाठ (बदलापूर)

आठ तासांनी मोजायची गोष्ट लक्षात आली, उरलेल्या माद्यांवर तीच आधी करतो. एक तळं पूर्ण भरायचं हेही पटलं.

एप्रिलमध्ये जिरं ठेवायला जागा नाही, हे खरंच. तेव्हा राखायचंच धरून चाला. रोहू, कटला, मृगल मिळून १७० किलो प्रजनक आहेत. जूनपर्यंत माद्या कशा राखायच्या? खाद्य सध्या शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समान, रोज वजनाच्या तीन टक्के.

जिरे_ते_बोटुकली (मुरबाड)

१० गुंठ्यांत १७० किलो जरा जास्त होतात. हेक्टरी हजार ते दीड हजार किलो धरतात, म्हणजे तुमच्याकडे १०० ते १५०. मृगलचे जादा नर आणि मागच्या मोसमात न दिलेल्या माद्या काढा, ते बाजारात जातील.

उष्णता माद्यांचं काय करते ते आधी समजून घ्या, मग खाद्याचा निर्णय सोपा होतो. ठाण्याच्या अक्षांशावर दिवस डिसेंबरात साधारण ११ तासांचा आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांचा, फरक फार नाही. त्यामुळे अंडी भरण्याचा वेग इथे उजेडापेक्षा पाण्याच्या उबेवर आणि खाण्यावर जास्त चालतो. फेब्रुवारी तापला की भरण लवकर होतं. पण शेवटची पायरी, म्हणजे अंडं सुटणं, त्याला पावसाळी पाण्याचा इशारा लागतो आणि तो आपल्या वेळेवरच येतो. मधला काळ लांबला आणि पाणी ३१-३२ च्या वर राहिलं की बलक बनवणारं संप्रेरक उतरतं आणि अंडाशय भरलेली अंडी परत शोषायला लागतो. ज्या वर्षी जमतं, ते हे अंतर कमी असतं म्हणून. तेव्हा आपलं काम दोन: भरण थोडं मंद करायचं आणि तळचं पाणी २९-३० च्या आत ठेवायचं.

म्हणून खाद्य आत्ता तीन टक्क्यांवरून दीडवर आणा. पेंड कमी, कोंडा जास्त. मेच्या पहिल्या आठवड्यापासून पुन्हा दोन-अडीच टक्के, तेव्हा पेंड वाढवा आणि जोडीला थोडी सुकटीची भुकटी, एकूण प्रथिनं २५ ते ३० टक्के बसतील अशी. कटला तळाचं खात नाही, तिच्यासाठी प्लवंग हवेत. पण शेण एकदम ओतू नका, गरम पाण्यात तेच रात्रीचा प्राणवायू खातं. हात कोपरापर्यंत बुडवून बोटं दिसेनाशी होत असतील तर शेण पूर्ण बंद.

खोली दीड मीटरच्या वर आली की दुपारी वर ३२ असलं तरी तळाला २८-२९ मिळतं आणि मासे स्वतःच खाली जातात. पण हा थर दुपारी एअरेटर (पाणी घुसळून हवा मिसळणारं यंत्र) लावून मोडू नका. लोक मासे दमलेत म्हणून भर दुपारी पॅडल सुरू करतात आणि तळाचं गार पाणी वरच्या गरम पाण्यात घुसळून टाकतात. एअरेटर पहाटे दोन ते सूर्योदय. एवढंच.

दर आठवड्याला तळाचं १० टक्के पाणी काढून ताजं भरा, रोहू-कटल्याला ते मानवतं. एप्रिलपासून पंधरा दिवसांनी प्रत्येक जातीच्या दोन-तीन माद्या पहाटे जाळ्याने काढून नळीने तपासा. सगळ्या नकोत, पकडापकडीनेच अंडी जिरतात. दुपारी तर जाळं टाकूच नका.

पोट उतरलं, छिद्र फिकं आणि आत ओढलेलं, खाणं मात्र चालू, अशी मादी दिसली तर तिची अंडी जिरली. ती आजारी नसते. पुढच्या वर्षी देईल. खूण करा आणि दुसऱ्या तळ्यात टाका.

जूनच्या पहिल्या दोन-तीन जोरदार सरींनंतर पाणी २७-२८ ला उतरतं, तेव्हा पहिली तुकडी घ्या. उशीर झाला असं वाटून घेऊ नका. भारतात रोहू-मृगलला पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काच्या इंजेक्शनने पहिल्यांदा अंडी द्यायला लावली ती डॉ. हिरालाल चौधरींनी, १९५७ साली, ओडिशात अंगुलला, आणि तारीख होती १० जुलै.

हॅचरी_शहापूर

दुपारच्या एअरेटरबद्दल एक पुस्ती. ढगाळ दिवस असेल, सकाळी मासे वर येऊन तोंड मारत असतील, तर हा नियम बाजूला ठेवून लगेच चालू करा. मेअखेरच्या वळवाच्या सरीनंतर तर नक्की. अचानक पडलेलं गार पाणी जड असतं, खाली जातं, तळाचं कुजकं पाणी वर येतं आणि एका रात्रीत प्रजनक गेलेले दिसतात.

कोई_ऐरोली

गच्चीवर कोई आणि गोल्डफिश करणाऱ्यांसाठी थोडंसं, कारण तेही इथे वाचतात. कोई सायप्रिनसच, गोल्डफिश त्याच कुळातला, हट्ट तेच. फरक एवढाच की गच्चीवरची ५०० लिटरची काळी टाकी मार्चमध्ये सहज ३३-३४ होते आणि रात्री २४ वर येते. दहा अंशांचा झोका. प्रजननाची टाकी गच्चीवर ठेवूच नका, जिन्याखाली किंवा पूर्वेच्या गॅलरीत आणा. टाकी पांढरी, खोली किमान ४५ सेंटिमीटर.

हायड्रिला मिळत नसेल तर नायलॉनच्या सुतळीचे झुपके चालतात, आधी उकळून घ्या. अंडी चिकटली की झुपके दुसऱ्या टाकीत, मोठे मासे अंडी खातात. मिथिलीन ब्लू लिटरला १ ते २ मिलिग्रॅम, पाण्याला आभाळी रंग येईल इतकंच. बुरशी मेलेल्या अंड्यावर आधी येते आणि शेजारच्या जिवंत अंड्यावर पसरते, म्हणून दुधी अंडी चिमट्याने रोज काढा. मॅलॅकाइट ग्रीन खायच्या माशांना तर बंदच आहे, शोभेच्या माशांनाही वापरू नका, हाताला आणि फुप्फुसाला घातक.

महापालिकेचं पाणी असेल तर क्लोरीन उडू द्या, हवेसह २४ तास. घाईत थेट नळाचं पाणी बदलल्यामुळे गेलेल्या अंड्यांचं खापर उगाच उकाड्यावर फुटतं.

वलगण (शहापूर)

रोहूबद्दल वर आलं तेच ओढ्यातल्या माशांनाही लागू. आपल्याकडे पहिल्या पुरात खवल्या, शिंगट्या, शिवडा वर भाताच्या खाचरांत चढतात, ती वलगण नुसत्या उबेने होत नाही. चढतं, गढूळ आणि एकदम गार झालेलं पाणी लागतं. मार्च कितीही तापला तरी वलगण मार्चमध्ये येत नाही. मात्र ओढ्याचे डोह लवकर आटले तर पोटात अंडी घेतलेले मासे एकाच डोहात अडकतात आणि गळाला, जाळ्याला, बगळ्याला सापडतात. उन्हाळा लवकर आल्याचा खरा फटका त्यांना तिथे बसतो.

आणि एका माशाला तापलेला फेब्रुवारी मनापासून आवडतो: चिलापी, म्हणजे तिलापिया. पाणी २४ च्या वर गेलं की ती सुरू होते आणि थांबतच नाही. अंडी तोंडात धरते, त्यामुळे पाण्याच्या वरच्या थराची उष्णता, बुरशी, चिखल, कशाचंच तिला सोयरसुतक नाही. दगडी काठांच्या शहरी तलावांत हिवाळा आखूड झाला की तिच्या पिढ्या वाढतात आणि कार्पच्या जिऱ्याला जागा उरत नाही. बारवीकाठ, तळं भरताना बोअरऐवजी ओढ्याचं पाणी घेतलंत तर पाइपाच्या तोंडाला बारीक मच्छरदाणीची जाळी दुहेरी बांधा.

बारवीकाठ (बदलापूर)

ओढ्याचं पाणी घ्यायचं मनात होतं, बरं झालं सांगितलंत. आता एकच विचारतो. तापमानाची नोंद कुठल्या खोलीवर ठेवायची? थर्मामीटर बाहेर काढेपर्यंत आकडा बदलतो.

पाण्याचा_हिशोब (ठाणे)

साधा काचेचा थर्मामीटर छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत उभा बसवा, फक्त बाटलीच्या तोंडाजवळ भोकं पाडा, खाली दगड, वर दोरी. दोरीला ३० सेंटिमीटरवर आणि तळापासून २० सेंटिमीटर वर अशा दोन गाठी मारा. प्रत्येक गाठीवर पाच मिनिटं थांबा. वर काढताना बाटलीत पाणी भरलेलंच राहतं, त्यामुळे वाचेपर्यंत आकडा हलत नाही. पहाटे सहा आणि दुपारी तीन, रोज चार आकडे. अंडी हाप्यात असतील त्या दिवसांत हाप्याच्या आतलाही एक घ्या. कापडाच्या आत पाणी बाहेरच्यापेक्षा गरम असतं आणि अंड्याला तेच लागतं.